वस्तीतला संडास: तुम्ही पुन्हा पुन्हा विचारता ते प्रश्न

'संडास' हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. कागदावर शौचालय, प्रसाधनगृह काहीही असो, गल्लीत सगळे संडासच म्हणतात. गोवंडी, मानखुर्द, घाटकोपरच्या टेकड्या, धारावी आणि थोडे पुण्याचे, असे हे प्रश्न बैठकांमध्ये, फोनवर, कधी रांगेत उभं असतानाच विचारले गेले. उत्तरं मुख्यतः मुंबईची आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. आमच्या गल्लीत कुणाच्याच घरात संडास नाही, सगळे एकच वापरतो. त्याला सार्वजनिक म्हणायचं की सामुदायिक? फरक पडतो का?

पडतो. स्टेशनबाहेरचा किंवा बाजारातला संडास येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी असतो, तो सार्वजनिक. ठरावीक घरांना रोज लागतो तो सामुदायिक. स्टेशनवरचा बंद असला तर माणूस दुसरीकडे जातो. गल्लीतला बंद झाला तर दोनशे घरांची सकाळ अडते. अर्जात 'सामुदायिक शौचालय' असंच लिहा, आणि किती घरं त्यावर अवलंबून आहेत तो आकडा पहिल्याच ओळीत द्या.

हा प्रश्न मूठभर लोकांचा नाही. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईतले सुमारे ५२ लाख लोक झोपडपट्टीत राहत होते, म्हणजे शहरातले शंभरातले चाळीसहून जास्त. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मोजमापात इतर घरांसोबत वाटून घ्यावा लागणारा संडास कितीही चांगला असला तरी 'मर्यादित' सोय धरला जातो, 'मूलभूत' नाही. मला हे योग्य वाटतं. सामुदायिक संडास नीट चालवायलाच हवा, पण तो घरातल्या संडासाची जागा घेऊ शकत नाही.

२. संडास नक्की कुणाचा? महापालिका म्हणते म्हाडाचा, म्हाडा म्हणते संस्थेचा. तक्रार कुठे करायची?

मुंबईत वस्तीतले संडास साधारण तीन वाटांनी आले. काही महापालिकेने स्वतः बांधले. काही म्हाडाच्या झोपडपट्टी सुधार मंडळाने, बरेचदा आमदार-खासदार निधीतून, बांधले. आणि काही वस्ती स्वच्छता कार्यक्रमातले आहेत. हा कार्यक्रम नव्वदच्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून मलनिःसारण प्रकल्पाचा भाग म्हणून सुरू झाला. त्यात इमारत महापालिका बांधते आणि चालवते वस्तीची नोंदणीकृत संस्था. पहिल्या टप्प्यात तीनशेहून जास्त इमारती आणि पाच हजारांहून जास्त सीट उभ्या राहिल्या.

घोळ होतो तो बांधणारा एक आणि सांभाळणारा दुसरा असल्यामुळे. उद्घाटनाची पाटी लागते, पण पाण्याचं बिल कुणी भरायचं, टाकी कुणी उपसायची, हे कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून पहिलं काम कागद शोधण्याचं. वॉर्ड ऑफिसच्या घनकचरा व्यवस्थापन विभागाला लेखी विचारा: बांधकाम कुणाचं, हस्तांतर झालं का, करारनामा कोणाशी आणि कधीपर्यंत. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात तेच चार प्रश्न विचारा. अर्जाचे दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही. तोवर तातडीची तक्रार महापालिकेच्या १९१६ क्रमांकावर करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. नुसतं 'सांगितलं होतं' याला कुणी विचारत नाही.

३. किती माणसांमागे एक सीट असायला हवी?

स्वच्छ भारत अभियानाच्या शहरी मार्गदर्शक सूचनांत सामुदायिक संडासासाठी ३५ पुरुषांमागे एक आणि २५ बायकांमागे एक सीट सांगितली आहे. मुंबईच्या वस्ती स्वच्छता कार्यक्रमाचा हिशोब याआधी ५० माणसांमागे एक सीट असा होता.

हे आकडे घड्याळावर लावून बघा. एका माणसाला आत जाऊन, पाणी ओतून बाहेर यायला पाच मिनिटं धरली तर ५० माणसांना चार तास दहा मिनिटं लागतात. २५ जणींना दोन तास पाच मिनिटं. शाळा, कारखाना, धुण्याभांड्याची कामं सगळी सात-आठला सुरू होतात, म्हणून सगळ्यांना जायचं असतं साडेपाच ते साडेसातमध्ये. त्या दोन तासांत एका सीटवर चोवीस जण होतात. त्यापुढची माणसं उशिरा जातात, धरून ठेवतात किंवा रुळाकडे, नाल्याकडे वळतात. उघड्यावर बसणाऱ्याला शिस्त लावायला निघालेल्यांनी आधी हा गुणाकार करावा.

बायकांना जास्त सीट का, असं मंडळाची मुलं विचारतात. बायकांना लघवीलाही सीटच लागते, कपडे सावरायला वेळ लागतो, पाळी असते, कडेवर पोर असतं. पुरुषांकडे मुताऱ्या वेगळ्या असतात, त्यांची तेवढी सीट मोकळी राहते.

मोजताना चालू सीटच मोजा. दार नाही, भांडं फुटलंय, चोकअप आहे, ती सीट धरायची नाही. आम्ही एका ठिकाणी मोजलं तेव्हा पाटीवर वीस होत्या, वापरात अकरा.

४. महापालिकेचा संडास असून पैसे का द्यायचे?

कारण संस्थेकडे चालवायला दिलेल्या संडासाचं वीजबिल, पाणी, फिनेल, झाडणाऱ्याचा पगार आणि छोट्या दुरुस्त्या त्या पैशातून होतात. काही संडास महापालिका स्वतः चालवते, तिथे पैसे नाहीत. आणि झाडायला रोज माणूस येतोच असंही नाही.

रोजचे सुटे पैसे गरिबाला फार महाग पडतात. एका वेळेचे दोन रुपये धरा. पाच माणसं, दिवसातून एकदाच गेली तरी महिन्याचे तीनशे होतात. जुलाब लागले तर त्याच आठवड्यात दुप्पट. म्हणून कुटुंबाचा मासिक पास हाच योग्य मार्ग आहे. वस्ती स्वच्छता कार्यक्रमात सुरुवातीला प्रत्येक प्रौढामागे १०० रुपये आणि एका घराचे जास्तीत जास्त ५०० अशी वर्गणी घेऊन सभासद केलं जायचं आणि पुढे महिन्याचा पास असायचा. तुमच्या इथे पास नसेल तर संस्थेच्या सभेत तो मागा.

लघवीचे पैसे हा वेगळा मुद्दा आहे. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, या अन्यायावर मुंबईत २०११ मध्ये 'राईट टू पी' चळवळ उभी राहिली. तुमच्याकडे आजही बायकांकडून लघवीचे पैसे घेत असतील तर तक्रारीत तेवढा एकच मुद्दा लिहा, दुसरं काही मिसळू नका.

५. पैसे घेतात, पण हिशोब देत नाहीत. संडास चालवणारा स्वतःला मालक समजतो. काय करावं?

इमारत त्याची नाही. संस्थेला फक्त चालवण्याचा अधिकार मिळालेला असतो, तोही करारनाम्याच्या अटींवर. (करारनामा कसा मिळवायचा ते प्रश्न २ मध्ये आहे.) नोंदणीकृत संस्थेला वार्षिक सभा घ्यावी लागते, हिशोब तपासून घ्यावे लागतात. सभासद म्हणून ते बघायचा तुम्हाला हक्क आहे.

बऱ्याच ठिकाणी स्थापनेच्या वेळचे सभासद निघून गेलेले असतात आणि कागदावर जुनीच नावं राहतात. भांडणाने सुरुवात करू नका. दहा-बारा घरांनी मिळून सभासदत्वाचा अर्ज द्या आणि पोच घ्या. बायका पुढे असतील तर काम लवकर होतं, हा माझा अनुभव आहे. रांगेत सगळ्यात जास्त वेळ त्याच उभ्या असतात, त्यामुळे कुठला नळ कधी बंद असतो हे त्यांना पाठ असतं.

वरच्या मजल्यावरच्या खोलीत केअरटेकर कुटुंबासह राहत असेल तर त्याला हाकलू नका. ती खोली त्यासाठीच असते. माणूस तिथे राहतो म्हणून रात्री दिवा लागतो आणि मोटर चालू होते.

६. सगळ्यांनी वापरलेल्या संडासातून रोग लागतो का?

लागतो, पण तुम्हाला वाटतं तसा नाही. उकिडवं बसायच्या भांड्याला अंग फारसं लागतच नाही. गुप्तरोग संडासातून लागत नाहीत, ही भीती मनातून काढून टाका. कुणाही बाईवर त्यावरून संशय घेऊ नका.

खरा धोका हातांचा आहे. कडी, नळाची तोटी, डब्याचा कान, भिंतीवरचं बटण यांना सगळ्यांचे हात लागतात, आणि तो हात पुढे तोंडात जातो. कावीळ, टायफॉइड, कॉलरा, जुलाब आणि जंत असेच पसरतात. त्यामुळे संडासाबाहेर चालू नळ आणि साबण नसेल तर आतल्या चकचकीत टाइलचा उपयोग अर्धाच. साबण चोरीला जातो म्हणून ठेवत नाहीत, असं ऐकते. जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधा. जुन्या मोज्यातही चालतो.

१ एप्रिल २०२० ला धारावीत पहिला करोना रुग्ण सापडला तेव्हा पालिकेने तिथल्या साडेचारशेच्या आसपास सामुदायिक संडासांची दिवसातून अनेकदा फवारणी सुरू केली. कड्या दिवसातून अनेकदा पुसता येतात, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

७. रात्री जावं लागू नये म्हणून मी संध्याकाळनंतर पाणी पीत नाही. चालतं ना?

नाही चालत, ताई. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त बायकांनी विचारला आहे, त्याही हळू आवाजात. पाणी कमी प्यायलं आणि लघवी तासन्‌तास धरली की मूत्रमार्गात जंतू वाढतात. जळजळ, ताप, पोटात दुखणं सुरू होतं. गरोदरपणात असा संसर्ग आईला आणि बाळाला दोघांनाही धोक्याचा असतो. शौच धरून ठेवलं की बद्धकोष्ठ आणि मूळव्याध होते. जळजळीबरोबर थंडी-ताप किंवा कमरेत कळ आली तर त्याच दिवशी दवाखान्यात जा, आणि डॉक्टरांना धरून ठेवायची सवय स्पष्ट सांगा.

तोवर घरात रात्रीसाठी झाकणाची बादली ठेवायला लाजू नका. सकाळी ती संडासातच ओता, गटारात नाही, आणि धुऊन उन्हात ठेवा. पण बादली ही तात्पुरती सोय आहे. खरं उत्तर पुढच्या प्रश्नात आहे.

८. आमचा संडास रात्री अकराला कुलूप लावून बंद करतात. हे बरोबर आहे का?

नाही. वस्तीचा संडास चोवीस तास उघडा हवा. पोट घड्याळ बघत नाही. 'गर्दुल्ले येतात, नळ चोरतात' हे कारण दिलं जातं, आणि ते खोटंही नसतं. पण त्याचा उपाय कुलूप नाही, माणूस आणि दिवा आहे. रात्रपाळीचा एक जण, दारापासून गल्लीच्या तोंडापर्यंत उजेड, आणि आतून नीट लागणारी कडी, एवढं आधी मागा. कडी बदलायला फारसा खर्च येत नाही. ती नसली तर मुलगी आत जाते आणि आई बाहेर दार धरून उभी राहते.

बायकांचं दार पुरुषांच्या रांगेसमोर उघडत असेल तर ते वेगळ्या बाजूला करून मागा. छेडछाड झाली तर ११२ लावा. कुणी 'नाव खराब होईल' म्हणून गप्प बसवत असेल तर एकटी जाऊ नका, चौघी मिळून चौकीवर जा.

९. संडासात पाणीच नसतं. घरून डबा नेतो, पण एका डब्यात भागत नाही.

पाणी नसलेला संडास आठवड्यात बंद पडतो, मग इमारत कितीही नवी असो. नळाची जोडणी, खालची टाकी, मोटर, वरची टाकी आणि वीजबिल या साखळीतली कुठली कडी तुटली आहे ते आधी शोधा. बऱ्याचदा नळाला पाणी असतं, मोटर जळालेली असते.

नवं काम होत असेल तर तीव्र उताराचं भांडं बसवायला सांगा. गवंडी त्याला रूरल पॅन म्हणतात. त्यात दोन-तीन लिटर पाण्यात मैला वाहून जातो. सपाट भांड्याला बादलीभर ओतलं तरी राहतो. घाटकोपरच्या आझाद नगरमध्ये २०१६ पासून चालणाऱ्या सुविधा केंद्रात आंघोळीचं आणि हात धुतलेलं पाणी शुद्ध करून संडासाला वापरतात. मोठ्या केंद्राला ते जमतं. लहान संडासाला निदान पावसाळ्यात पत्र्याचं पाणी पिंपात धरता येतं.

१०. पॅड कुठे टाकायचं?

भांड्यात नाही. पॅडमधला जेल पाण्याने फुगतो आणि पाईप तुंबतो, मग कुणीतरी हाताने तो काढतो. कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात टाका. वेगळी पिशवी किंवा वेष्टन द्यायची जबाबदारी २०१६ च्या घनकचरा नियमांनी पॅडच्या कंपन्यांवर टाकली होती, पण वस्तीत मिळणाऱ्या स्वस्त पाकिटांत ती मी क्वचितच पाहिली आहे. डबा बायकांच्या बाजूला, आत हवा. पुरुषांच्या नजरेसमोर ठेवलेला डबा कुणी वापरत नाही.

११. लहान मुलं गटारावरच बसतात. त्यांची शी तेवढी वाईट नसते ना?

असते. लहान मुलांना जुलाब जास्त होतात, त्यामुळे त्यांच्या शीमध्ये जंतू बहुधा जास्तच असतात. पण दोष मुलांना देऊ नका. मोठं भांडं, अंधार, रांगेतले धक्के याला ती घाबरतात. त्यांच्यासाठी लहान, उथळ, दार नसलेल्या, धरायला दांडी असलेल्या सीट वेगळ्या कराव्यात, ही कल्पना मुंबई-पुण्यात वस्तीच्या बायकांसोबत काम करणाऱ्या स्पार्क आणि महिला मिलन यांनी प्रत्यक्षात उतरवली. १९९९ पासून पुण्यात महापालिकेने संस्थांना सोबत घेऊन शेकडो संडास बांधले, त्यातल्या अनेकांत अशा सीट आहेत. नवा आराखडा येईल तेव्हा त्या आधीच मागून घ्या, नंतर जागा राहत नाही. आणि तिथे लादीवर माल साठवू देऊ नका.

१२. सासूबाईंना गुडघ्यामुळे खाली बसता येत नाही. आणि गरोदर बाईला रांगेत पुढे सोडावं का?

गरोदर बाई, आजारी माणूस, म्हातारी माणसं आणि जुलाब झालेलं मूल यांना पुढे सोडायचंच. भिंतीवर तसं लिहून घ्या, म्हणजे रोज वाद होत नाही. सासूबाईंसाठी मधे भोक असलेली कमोड खुर्ची भांड्यावर ठेवता येते. ती संडासात एका बाजूला साखळीने बांधून ठेवली तर चार घरांना पुरते. किमान एका सीटला दोन्ही बाजूंनी दांडा, उंबरठ्याऐवजी उतार आणि रुंद दार हवं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा उल्लेख अर्जात करा.

१३. टाकी भरली, मैला वर येतोय. एक माणूस स्वस्तात उतरून साफ करतो म्हणतो. करू का?

अजिबात नाही. मी हात जोडून सांगते.

मुंबईच्या वस्त्यांमधले बरेच संडास ड्रेनेज लाईनला जोडलेले नाहीत, त्यांच्याखाली सेप्टिक टाकी असते. मैला तळाशी साठतो, कुजतो, आणि त्यातून मिथेन, हायड्रोजन सल्फाइड असे वायू तयार होतात. सडक्या अंड्यासारखा वास थोडा असताना येतो, पण वायू वाढला की नाकाला तो वास जाणवतच नाही. आत उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. तोंडाला बांधलेल्या फडक्याने किंवा दारू पाजून काहीही वाचत नाही.

२०१३ च्या कायद्याने माणसाला अशा टाकीत उतरवणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. उतरवणारा ठेकेदार असो की वस्तीची संस्था, सुटका नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. उतरणारा माणूस कुठल्या जातीचा असतो हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि म्हणूनच हे स्वस्तात होतं.

सक्शन गाडी मागवा. गल्लीत गाडी शिरत नसेल तर लांब पाईप लागेल हे तक्रारीतच सांगा. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसायची असते, मैला वर येईपर्यंत थांबायचं नसतं. उपसल्याची तारीख भिंतीवर रंगाने लिहा.

१४. लादीला भेग पडली आहे, पाय ठेवला की हलते. वापरत राहू का?

नको. लादीखाली टाकी असते. लादी खचून माणसं टाकीत पडून दगावल्याच्या घटना मुंबईत घडल्या आहेत. त्या सीट दोरी बांधून लगेच बंद करा, फोटो काढा, १९१६ वर 'धोकादायक बांधकाम' म्हणून नोंदवा आणि वॉर्ड ऑफिसला संरचनात्मक तपासणी लेखी मागा. सोबत फिरतं शौचालयही मागा, नाहीतर लोक दोरी सोडून आत जातील. त्यांना दुसरी जागाच नसते.

१५. मला घरातच संडास बांधायचा आहे. जमेल का?

जवळून ड्रेनेज लाईन जात असेल तर दहा बाय बाराच्या घरातही जमतं. पुण्यात शेल्टर असोसिएट्स ही संस्था 'एक घर एक शौचालय' या पद्धतीने काम करते: संस्था साहित्य देते, बांधकामाचा खर्च कुटुंब करतं, आणि घरांचा नकाशा आधीच तयार असल्याने लाईन कुठून जाते ते दिसतं. स्वच्छ भारत अभियानात घरगुती शौचालयाला अनुदान आहे. २०१४ च्या पहिल्या टप्प्यात केंद्राचा वाटा ४,००० रुपये होता, राज्य आपला वाटा घालत होतं. आजची रक्कम वॉर्डातून लेखी घ्या.

लाईन नसेल तर मात्र पाईप उघड्या गटारात सोडू नका. तुमचं घर स्वच्छ होतं आणि पुढच्या गल्लीतली मुलं त्या गटारावर खेळतात. अशा वेळी आधी सगळ्या गल्लीने मिळून लाईन मागायची.

१६. आमची वस्ती रेल्वेच्या जमिनीवर आहे. महापालिका म्हणते, बांधता येत नाही.

केंद्राच्या जमिनीवर (रेल्वे, बंदर, विमानतळ) बांधायला त्या खात्याचा ना-हरकत दाखला लागतो आणि तो वर्षानुवर्षं मिळत नाही. हे खरं आहे, पण इथे थांबू नका. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अनधिकृत वस्तीतल्या लोकांनाही पाणी नाकारता येणार नाही, असं महापालिकेला सांगितलं, कारण पाणी जगण्याच्या हक्काचा भाग आहे. तोच धागा संडासाला लावून अर्ज करा. आणि पक्क्या इमारतीऐवजी आधी फिरतं शौचालय किंवा उचलून नेता येणाऱ्या सीट मागा. त्याला बांधकामाचं कारण पुढे करता येत नाही.

१७. भाडेकरूंना पास देत नाहीत. आणि तृतीयपंथी व्यक्तीने कुठल्या बाजूला जायचं?

पास घराला असतो, घरमालकाला नाही. जो त्या घरात राहतो त्याला मिळायला हवा. वीजबिल किंवा भाडेकरार नसेल तर शेजाऱ्यांच्या सह्यांवर द्या, आम्ही तसं करून घेतलं आहे.

तृतीयपंथी व्यक्तीने स्वतःला जी बाजू आपली वाटते तिथे जावं. २०१४ च्या नाल्सा निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासाठी वेगळ्या शौचालयांची सोय करायलाही सरकारला सांगितलं आहे. वेगळी सीट होत नाही तोवर रांगेत कुणी टोमणे मारले तर केअरटेकरने मधे पडायचं. त्याच्या कामातच ते येतं.

१८. एसआरएचं (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाचं) काम सुरू झालं, अर्धी वस्ती संक्रमण शिबिरात गेली आणि बिल्डरने संडास पाडला. उरलेल्यांनी कुठे जायचं?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे, आणि तो आता सगळीकडून येतो. नव्या इमारतीत प्रत्येक घराला स्वतःचा संडास मिळतो, हे खरं. पण मधली तीन, पाच, कधी दहा वर्षं माणसं जुन्याच जागी असतात. त्यात अपात्र ठरलेली आणि अपील केलेली कुटुंबं असतात, आणि पोटमाळ्यावरचे भाडेकरूही असतात. त्यांची मोजणी कुणी करत नाही.

पाडकामाची नोटीस लागली त्या दिवशीच कामाला लागा. चालू सीट मोजा, प्रत्येक दाराचा तारखेसह फोटो घ्या, मागे राहणाऱ्या माणसांची यादी करा आणि प्रश्न ३ मधल्या प्रमाणाने किती सीट लागतील तो आकडा काढा. तेवढ्या तात्पुरत्या सीट, पाणी आणि दिव्यासह, चालू झाल्याशिवाय जुना संडास पाडू नये, असा अर्ज एसआरए कार्यालय आणि वॉर्ड ऑफिस दोन्हीकडे द्या. सह्यांमध्ये बायकांची नावं आधी घ्या. पाडून झाल्यावर मागितलं तरी मिळतं, पण एका वस्तीत तसं मिळायला सात महिने लागले, आणि ते सात महिने तिथल्या बायका पहाटे चारला उठून हायवेपलीकडच्या पेट्रोल पंपावर जात होत्या.